टेम्पो की पॅकर्स? आधी दोन्हीकडचे जिने मोजा

नाशिकच्या पंचवटीतला वाडा सोडून इथल्याच सिडकोला जायचं ठरलं तेव्हा मी टेम्पोवाल्याला रस्ता समजावून सांगत होते. मालेगाव स्टँडवरून निघायचं, द्वारका चौकात गर्दी असेल तर अलीकडूनच वळायचं, वगैरे. त्याने हात वर करून मला थांबवलं. “ताई, रस्ता मला पाठ आहे. माल कितव्या मजल्यावरून उतरवायचा आणि कितव्यावर चढवायचा, तेवढं बोला.”

त्या दिवशी गाडीच्या भाड्यापेक्षा हमालीच जास्त झाली. त्यानंतर आम्ही नाशकातच आणखी तीनदा बिऱ्हाड हलवलं. सिडकोहून जेलरोड, तिथून इंदिरानगर आणि आता पाथर्डी फाट्याजवळ सातवा मजला. दोनदा सगळं स्वतः केलं, एकदा अर्धं काम दिलं आणि एकदा पॅकर्सवाल्यांना पूर्ण. नोकरीसाठी नाशिकला नव्याने आलेल्यांना, किंवा इथेच पहिल्यांदा घर बदलणाऱ्यांना मी जे सांगते, तेच इथे क्रमाने लिहिते आहे.

पायरी पहिली: टेप घेऊन नव्या घरी जा

सामानाची यादी नंतर. आधी एक संध्याकाळ काढून नव्या घरी जा आणि जिन्याचं वळण, मुख्य दाराची चौकट आणि लिफ्टची आतली खोली-उंची मोजून घ्या. मग घरातल्या सगळ्यात अवजड चार वस्तू मोजा. बहुतेक घरांत त्या पलंग, कपाट, फ्रिज आणि सोफा याच असतात. या चार वस्तू कशा बाहेर निघणार आणि कशा आत जाणार हे कळलं की पॅकर्स हवेत की नकोत, याचं निम्मं उत्तर मिळालेलं असतं.

जुन्या नाशकात गाडी दारापर्यंत येईल असं धरून चालू नका. बोळाच्या तोंडाशी टेम्पो उभा राहतो आणि तिथून पुढे हातगाडी किंवा हमालाचं डोकं. आमच्या वाड्याचा लाकडी जिना इतका उभा आणि अरुंद होता की लोखंडी कपाट त्यातून उतरणं शक्यच नव्हतं. ते माडीच्या गॅलरीतून दोर बांधून खाली सोडलं. चार सराईत हमालांनी ते काम वीस मिनिटांत केलं. माझे दोन भाचे “आम्ही करतो की” म्हणत होते, त्यांना मी चहा आणायला पाठवलं होतं.

सिडकोचं दुखणं वेगळं. तिथली मूळ घरं लहान, त्यांवर मालकांनी हळूहळू मजले चढवलेले आणि वरच्या भाडेकरूसाठी बाहेरून लोखंडी जिना. तो बऱ्याच ठिकाणी गोल असतो. गोल जिन्यातून कापसाची गादी वाकते आणि जाते, स्प्रिंगची गादी वाकत नाही. प्लायचा अखंड बेड तर विसराच. तो खोलणारा सुतार आदल्या दिवशीच बोलावून ठेवावा लागतो, कारण टेम्पो दारात उभा असताना सुतार शोधला की तो मागेल ते द्यावं लागतं.

नव्या सोसायट्यांमध्ये लिफ्ट आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. गंगापूर रोडपासून पाथर्डीपर्यंत कुठेही जा, सामान हलवण्याचे सोसायटीचे आपले नियम असतात. कोणत्या वेळेत हलवायचं, लिफ्ट वापरू देणार का, त्याचे पैसे किती, अनामत किती, हे सेक्रेटरींना आठवडाभर आधी विचारा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या. पार्किंगचं छत बुटकं असेल तर मोठी गाडी गेटबाहेरच थांबते, आणि गेटपासून लिफ्टपर्यंतचं अंतरही हमालीत मोजलं जातं. ते पावलांनी मोजून ठेवा. फोनवर भाव विचारताना दोन्हीकडचे मजले आणि गाडीपासून दारापर्यंतची ही पावलं तुम्ही स्वतःहून सांगितलीत, की समोरचा जरा सावरून भाव सांगतो.

पायरी दुसरी: जे न्यायचं नाही ते आधी काढा

ही पायरी सगळे वाचतात आणि सगळेच टाळतात. मीही जेलरोडला जाताना मोडका कूलर सोबत नेला आणि तिथून इंदिरानगरलाही नेला. तो दोन वेळा हमाली खाऊन शेवटी भंगारात गेला.

रद्दीवाला आणि भंगारवाला महिनाभर आधी बोलवा. पुस्तकं निवडायला सर्वांत जास्त वेळ लागतो म्हणून ती पहिल्यांदा हातात घ्या. मे महिन्यात घर बदलायचं असेल तर एप्रिलमध्ये वर्षाचे गहू भरू नका. दोन क्विंटल गहू कोठीत ओतायचे आणि महिन्याभरात पुन्हा पोत्यात भरून वरच्या मजल्यावर चढवायचे, हा उद्योग आमच्या सासूबाईंच्या आग्रहाखातर आम्ही एकदा केला आहे. तेव्हापासून त्याच म्हणतात, “आधी घर, मग गहू.” पापड-कुरडयांचे डबे मात्र शेवटच्या दिवशी, मांडीवर घेऊनच न्यायचे. त्यांच्या बाबतीत कोणाही व्यावसायिकावर विश्वास ठेवता येत नाही.

उरलेल्या सामानाची खोलीवार यादी करा. तिचे फोटोही काढा, विशेषतः टीव्ही, फ्रिज, कपाट यांच्यावर आधीपासून असलेल्या ओरखड्यांचे. पुढे वाद झालाच तर हे फोटो कामी येतात.

पायरी तिसरी: कोणाला काम द्यायचं

आता मूळ प्रश्न. तीन वाटा आहेत आणि प्रत्येकाला एक वाट बरोबर असते.

एकटे असाल, किंवा दोघंच आणि वन आरकेचं सामान असेल, शहरातल्या शहरात जायचं असेल, तर पॅकर्सच्या भानगडीत पडू नका. छोटा हत्ती पुरतो. त्याचा हौदा साधारण सात फूट लांब आणि वजन पाऊण टनाच्या आसपास पेलतो. एखाददुसरी जादा फेरी झाली तरी परवडते. गाडी ठरवताना हमाल टेम्पोवाल्याच्या ओळखीचे घ्या. त्यांना एकमेकांच्या हाताची सवय असते. अंबड-सातपूरच्या कारखान्यांचा माल वाहणारे टेम्पो त्यांच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी घरसामानाला मिळतात. तुमच्या कंपनीत कोणी असेल तर तिथूनच नंबर घ्या, रोज येणारा-जाणारा माणूस असला की बरं असतं.

कुटुंब असेल, वन किंवा टू बीएचके असेल आणि शहरातच जायचं असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: अर्धं काम द्या. कपडे, भांडी, पुस्तकं, देव, कागदपत्रं तुम्ही बांधा. पलंग खोलणं-जोडणं, काच, टीव्ही, फ्रिज, कपाट आणि सगळी चढ-उतार त्यांना द्या. बहुतेक पॅकर्स असं अर्धं काम घेतात, फक्त ते स्वतःहून सांगत नाहीत. विचारावं लागतं. नुसता टेम्पो घेणार असाल तर पिकअप किंवा टाटा ४०७ एका फेरीत काम करतो. दोन फेऱ्यांच्या छोट्या गाडीपेक्षा एका फेरीची मोठी गाडी बरी, कारण दुसऱ्या फेरीपर्यंत हमाल दमलेले असतात आणि वस्तू तेव्हाच आपटतात.

पूर्ण काम द्यावं असे प्रसंगही आहेत. परगावी जाणं, घरात वयस्कर माणसं किंवा तान्हं मूल, दोघांनाही सुट्टी नाही, लिफ्ट नसलेला तिसरा-चौथा मजला, किंवा खर्च कंपनी देते आहे. यांतली दोन कारणं एकत्र आली तर पैसे वाचवण्याचा हट्ट सोडा.

तुलना करताना मात्र प्रामाणिक हिशेब मांडा. आपण एका बाजूला पॅकर्सचा आकडा लिहितो आणि दुसऱ्या बाजूला फक्त टेम्पोचं भाडं. खरं म्हणजे दुसऱ्या बाजूला भाडं, हमाली, खोकी-चिकटपट्टी-सुतळी, सुतार, एसीवाला, पंखे काढणारा-लावणारा वायरमन, सगळ्यांचा नाष्टा आणि तुमच्या दोन-तीन दिवसांच्या रजा, असं सगळं लिहायला हवं. सातव्या मजल्याच्या वेळी मी हे कागदावर लिहिलं आणि फरक वाटला होता त्याच्या निम्मासुद्धा निघाला नाही. त्या वेळी पूर्ण काम दिलं. इंदिरानगरला जाताना मात्र तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावर जायचं होतं, तिथे याच हिशेबाने टेम्पो जिंकला.

मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. मुंबई इथून साधारण १७० किलोमीटर, पुणं २१० च्या आसपास. गाडी सामान टाकून रिकामी परत जाते आणि तो परतीचा खर्च तुमच्या भाड्यात धरलेला असतो. म्हणून ‘रिटर्न गाडी’ विचारा. नाशिकचा भाजीपाला आणि कांदा घेऊन मुंबईकडे रोज गाड्या जातात आणि येताना त्यांना माल हवा असतो. भाडं बरंच उतरतं. फक्त हौदा धुतलेला आणि सुकलेला आहे का ते डोळ्यांनी बघा, नाहीतर गादीला पुढचा महिनाभर लासलगावचा वास येतो. दुसरा स्वस्त मार्ग म्हणजे दोन-तीन घरांचं सामान एकाच ट्रकमध्ये. त्यात पोहोचण्याचा दिवस पक्का नसतो आणि गोडाऊनमध्ये सामान एकदा जास्त उतरतं-चढतं. काचेचं कपाट असेल तर तो मोह नको.

पायरी चौथी: भाव घेताना

फोनवर सांगितलेला भाव हा भाव नव्हे. किमान तिघांना घरी बोलवा किंवा व्हिडिओ कॉलवर प्रत्येक खोली, माळा आणि गॅलरी दाखवा. माळा दाखवायला लोक विसरतात आणि ऐन दिवशी तिथून दहा खोकी निघतात. पहिल्या दोघांपेक्षा तिसऱ्याचा आकडा फारच कमी असेल तर आनंदून जाऊ नका.

कोटेशन लेखी हवं आणि त्यात या गोष्टी वेगवेगळ्या लिहिलेल्या हव्यात: गाडी कोणती आणि किती फुटी, माणसं किती, बांधणीचं साहित्य, दोन्हीकडची मजल्यानुसार हमाली, खोलणं-जोडणं, टोल, जीएसटी. ‘सगळं मिळून’ असा एकच आकडा असेल तर त्या ‘सगळ्या’त काय नाही, ते सामान गाडीत चढल्यावर कळतं.

आमचं तसं झालं होतं. जेलरोडला जाताना अर्धं सामान गाडीत, अर्धं फुटपाथवर, आणि मुकादम म्हणाला की दुसऱ्या मजल्याचे पैसे वेगळे. मजला मी फोनवर सांगितला होता, पण लिहून घेतला नव्हता. आभाळ भरून आलेलं. मी पैसे दिले. आजही त्या रकमेपेक्षा “ताई, तुम्हीच बघा मग” हे त्याचं वाक्य जास्त टोचतं. दरवाढ सांगण्याची वेळ हे लोक नेमकी साधतात, म्हणून मजल्याचा आकडा कागदावर हवाच.

कंपनी खरी आहे का, हे तपासायला अर्धा तास पुरतो. जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकून नाव जुळतं का पाहा. नावाजलेल्या कंपन्यांच्या नावात एखादं अक्षर बदलून किंवा एक शब्द जोडून धंदा करणारे भरपूर आहेत. पत्ता आडगाव किंवा अंबडचा दिला असेल तर स्कूटर काढा आणि जाऊन या. तिथे गाडी, गोडाऊन, माणसं दिसली तर ठीक. बंद शटर आणि पुसट पाटी दिसली तर परत या. आगाऊ रक्कम थोडीच द्या, मोठा हिस्सा सामान उतरल्यावर. सगळे पैसे आधी मागणाऱ्याला काम देऊ नका, मग तो कितीही गोड बोलो.

परगावाहून येताना वाटेत फोन येतो: गाडी नाक्यावर अडवली आहे, टॅक्स भरा, नाहीतर माल अडकेल. नाशकात आजही लोक ‘जकात नाका’ म्हणतात, पण जकात जाऊन एक तप उलटलं. २०१३ मध्ये तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला आणि २०१७ ला जीएसटी आल्यावर नाक्यांचं ते प्रकरणच मिटलं. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिलही लागत नाही. सोबत सामानाची यादी आणि तुमच्या ओळखपत्राची प्रत द्या. असा फोन आला तर पावती मागा. पावती येत नाही आणि पुढचा फोनही सहसा येत नाही.

विम्याबद्दल थोडं सावकाश वाचा, कारण इथेच सर्वांत जास्त गफलत होते. ‘इन्शुरन्स’ म्हणून काही टक्के लावतात, पण पॉलिसी विमा कंपनीची असते की पॅकर्सने स्वतःच्याच लेटरहेडवर दिलेली हमी, हे विचारा. पॉलिसी क्रमांक आणि विमा कंपनीचं नाव मिळालं तर तो विमा. नाहीतर तो शब्द आहे, आणि शब्दाची किंमत बोलणाऱ्यावर. शहरातल्या शहरात मी विमा घेत नाही. परगावी जाताना घ्यावा.

गाडी निघण्याआधी बिल्टी, म्हणजे मालाची पावती, हातात घ्या आणि तिच्यावर सामानाची किंमत लिहून घ्या. कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट, २००७ नुसार वाहतूकदाराची जबाबदारी मर्यादित असते. जास्त किंमत आधी जाहीर केली नसेल तर भरपाई त्या मर्यादेतच मिळते. नुकसानीचा दावा करायचा असेल तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. फोनवर भांडत बसाल तर ते दिवस निघून जातात. समोरचा दाद देत नसेल तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला स्वतः राहतो तिथे तक्रार करता येते, म्हणजे कंपनी मुंबईची असली तरी दावा नाशकात. मोबदला, म्हणजे तुम्ही कंपनीला दिलेले पैसे, पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही.

पायरी पाचवी: दिवस

महिन्याची पहिली तारीख, शेवटचा रविवार, अक्षय्य तृतीया, दसरा आणि मेचा शेवट या दिवसांत सगळं नाशिक एकदमच घर बदलतं. गाड्या मिळत नाहीत आणि भाव वर. मधल्या आठवड्यातला साधा मंगळवार किंवा गुरुवार बघा. बुधवार मात्र पंचवटीकडे जाणाऱ्यांनी टाळावा, गोदाघाटावर आठवडे बाजार भरतो. तिसऱ्या श्रावणी सोमवारी त्र्यंबक रोडच्या बाजूला जाऊ नये, ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेची गर्दी असते. आणि रंगपंचमीला जुन्या नाशकात घर हलवायचा बेत ज्याने आखला त्याला रहाडीतच, म्हणजे रंगाच्या हौदातच, टाकावं.

पितृपक्षात लोक बिऱ्हाड हलवत नाहीत, त्यामुळे टेम्पोवाले मोकळे असतात आणि भाव ऐकतात. आमच्याकडे यावर तोड निघाली: सामान पितृपक्षात हलवलं आणि देव घटस्थापनेला नेले. सासूबाईंचं समाधान झालं, माझे पैसे वाचले. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. ज्यांना चालतं त्यांना त्या महिन्यात गाडी सहज मिळावी.

पावसाळ्यात हलवावं लागलं तर बंदिस्त गाडीच घ्या. ‘ताडपत्री आहे’ म्हणतात, ती असते, पण तिला भोकंही असतात. गोदाकाठी, सराफ बाजाराच्या किंवा पंचवटीच्या बाजूला तळमजल्यावर घर घेत असाल तर जुन्या रहिवाशांना विचारा की २००८ आणि २०१९ च्या पुरात पाणी कुठपर्यंत आलं होतं. नाशिककर पूर गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतात. मारुतीच्या छातीला पाणी लागलं म्हणजे तुमच्या दाराशी काय असेल, हे शेजारच्या आजोबांना पाठ असतं.

देखभालीसाठी वीज किंवा पाणी बंद ठेवायचा दिवस इथे बऱ्याचदा शनिवार असतो. आदल्या दिवशीचा पेपर बघा. सातव्या मजल्यावर सामान आणि लिफ्ट बंद, हा अनुभव मी शेजाऱ्यांचा बघितलाय. सिंहस्थ २०२७ मध्ये आहे आणि त्याआधी रस्त्यांची कामं जागोजागी निघतात. कालचा रस्ता आज खोदलेला असू शकतो, म्हणून वाट टेम्पोवाल्यावर सोडा.

पायरी सहावी: बांधाबांध

खोकी विकत घ्यायची गरज नाही, हे नाशिकला आल्याचं सुख. फेब्रुवारी-मार्चमध्ये द्राक्षाचे खोके कुठेही मिळतात. लहान असतात म्हणून पुस्तकांना उत्तम, कारण मोठ्या खोक्यात पुस्तकं भरली की ते कोणालाच उचलत नाही आणि तळ सुटतो. टोमॅटोचे प्लास्टिकचे कॅरेट तर याहून भारी. एकावर एक बसतात, वीस किलो पेलतात, तळ सुटत नाही. ओळखीच्या शेतकऱ्याकडून किंवा भाजीवाल्याकडून दोन दिवसांसाठी पंधरा-वीस मागून घ्या आणि स्वयंपाकघर त्यांत भरा. परत करायला विसरू नका, त्यांच्याकडे ते मोजलेले असतात.

स्टीलची भांडी एकात एक. काचेच्या बशा आडव्या न रचता उभ्या लावा, मध्ये वर्तमानपत्र. लोणच्याच्या बरणीला आधी प्लास्टिक, मग झाकण, मग कापड आणि दोरा. कपाटातले कपडे जुन्या चादरींत गाठोडी करून बांधा. चादरी न्यायच्याच असतात, खोकी वाचतात. खोक्यावर खोलीचं नाव बाजूला लिहा. वर लिहिलं तर रचल्यावर दिसत नाही.

यंत्रांकडे नीट लक्ष द्या. फ्रिज आदल्या रात्री बंद करून दार उघडं ठेवा, मागच्या ट्रेमधलं पाणी ओता. तो उभाच न्यायचा आणि नव्या घरी काही तास तसाच ठेवून मग लावायचा. पुढून दार असलेल्या वॉशिंग मशीनचा ड्रम पक्का करायचे बोल्ट मशीनसोबत आलेले असतात. ते शोधा, नसतील तर सर्व्हिसवाल्याला विचारा. बोल्ट न लावता खड्ड्यांतून नेलं तर ड्रमची माती होते. एसी काढणारा माणूस गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेतो आहे ना, हे उभं राहून पाहा. इन्व्हर्टरची बॅटरी उभी ठेवा, आत अ‍ॅसिड असतं. ती कपड्यांजवळ नको. घरघंटीतलं उरलेलं पीठ झाडून काढा. टीव्हीच्या मागच्या वायरींचा फोटो काढूनच त्या सोडवा.

दागिने, कागदपत्रं, औषधं, लॅपटॉप आणि देव तुमच्याजवळ. कितीही चांगला पॅकर असला तरी.

पायरी सातवी: त्या दिवशी

एक माणूस जुन्या घरी, एक नव्या घरी. दोघेही गाडीबरोबर पळाले तर खोकी हमालांना वाटेल तिथे पडतात आणि मग रात्री तुम्हीच ती सरकवता. गाडीत आधी कपाट-फ्रिज, मग खोकी, शेवटी गाद्या. सकाळी लवकर सुरू करा. द्वारका आणि मुंबई नाका दहा वाजायच्या आत ओलांडला तर अर्धा दिवस वाचतो. हमालांना चहा-नाष्टा आपण विचारायचा. मागायची वेळ त्यांच्यावर येऊ देऊ नये. ज्यांना सकाळी मिसळ मिळते ती माणसं दुपारी तुमचं कपाट जपून धरतात, असा माझा अनुभव आहे.

घर सोडताना वीजमीटर आणि पाइप गॅसच्या मीटरचा फोटो काढा. नव्या घरी पोहोचल्यावरही काढा. मालकाच्या हाती किल्ली देतानाच अनामत रकमेचं बोलून घ्या. उतरलेलं सामान यादीशी ताडून पाहिल्याशिवाय पॅकर्सच्या कागदावर सही करू नका. काही फुटलं असेल तर त्याच कागदावर लिहा.

कागदपत्रांचं थोडक्यात. भाडेकरार महाराष्ट्रात लेखी आणि नोंदणीकृतच हवा, अकरा महिन्यांचा असला तरी. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, हे नम्रपणे सांगता येतं. पोलिसांकडची भाडेकरूची नोंद त्याच वेळी उरका. त्याच करारावर आधार, बँक आणि गॅसचा पत्ता बदलतो. शहरातच गॅस एजन्सी बदलली तर सिलेंडर-रेग्युलेटर तुमच्याकडेच राहतो, फक्त कागद हलतात. दुसऱ्या गावी जाताना मात्र ते जमा करून अनामत परत घ्यायची आणि ट्रान्सफरचं व्हाउचर घ्यायचं.

हे सगळं पहिल्या दिवशी करायचं नाही. पहिल्या दिवशी एकच कॅरेट उघडायचं. त्यात पातेलं, चहा-साखर, चार कप, मेणबत्ती, साबण, टॉवेल, चार्जर, अंथरूण-पांघरूण आणि दूध उतू घालायला लागेल ते. पाथर्डी फाट्याला आम्ही हे सगळं आठवणीने भरलं, शेगडी लावली, पातेल्यात दूध ओतलं, आणि लायटर कुठल्या खोक्यात गेला ते कोणालाच आठवेना. सासूबाईंनी समोरच्या दाराची बेल वाजवली. त्या काकूंनी काडेपेटी दिली आणि सोबत सांगितलं की या मजल्यावर पाणी सकाळी सहाला येतं, साडेसहाला जातं, तेव्हा आज रात्रीच टाकी बघून ठेवा.